साहेबाचं लोणचं आणि आपली बरणी



कैरीचा मोसम संपत आला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. लोणची घालून झाली, आता पुढे काय? पुणे जिल्ह्यात लोणचं करणारे गट पुष्कळ आहेत आणि बहुतेक सगळे कैरी, लिंबू, मिरची यांचंच लोणचं करतात. प्रदर्शनात शेजारी-शेजारी चार टेबलं लागली, की चारही टेबलांवर त्याच बरण्या. गिऱ्हाईक चव बघतं, भाव विचारतं आणि पुढे जातं. दुसरीकडे जुन्नर-खेडचा कांदा, पुरंदरचा घेवडा, फ्लॉवर, काकडी यांचा भाव एकदा पडला, की माल बाजारात न्यायचं भाडंही सुटत नाही.

म्हणून आज एका वेगळ्या लोणच्याची ओळख करून घेऊ. हे लोणचं इंग्रजांचं. त्यात तेल नाही, हिंग नाही, ऊन दाखवणं नाही. ते टिकतं एकट्या व्हिनेगरवर, म्हणजे शिरक्यावर. ते का टिकतं, कशाबरोबर खातात, आणि गटाने करायचं म्हटलं तर कुठे सांभाळावं लागतं, एवढं आज बोलू. एक गोष्ट आधीच सांगतो. यात व्हिनेगरचा हिशेब चुकला तर नुसती बरणी वाया जात नाही, खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून ऐकताना जवळ वही-पेन ठेवा.

ओळखीचाच कांदा

हायवेवरच्या हॉटेलात जेवायला बसलं, की रोटी-भाजी यायच्या आधी एका वाटीत लालचुटूक छोटे कांदे येतात. खाल्ले असतील तुम्ही. तो रंग बहुतेक वेळा बीटाचा असतो आणि आंबटपणा व्हिनेगरचा. इंग्लंडमध्ये बाटलीत मिळतो तो कांदा ह्याचाच भाऊ. फरक इतकाच, की हॉटेलातला कांदा एक-दोन दिवसांत संपवायचा असतो, आणि त्यांचा कांदा तपकिरी व्हिनेगरमध्ये महिना-दीड महिना मुरवलेला असतो.

दोन्हीकडचे शब्दही बघा. आपला 'लोणचं' हा शब्द लवण, म्हणजे मीठ, यावरून आला. इंग्रजांचा 'पिकल' हा शब्द जुन्या डच भाषेतल्या 'पेकेल'वरून आला, आणि त्याचा अर्थ खारं पाणी. म्हणजे सुरुवात दोन्हीकडे मिठापासूनच झाली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, त्या हवामानामुळे.

आपल्याकडे ऊन कडक. कैरी, लिंबू, चिंच असं आंबट झाडालाच लागतं. शेंगदाणा, तीळ, मोहरी पिकते, म्हणून तेल आहे. त्यामुळे आपण फोडी मिठात मुरवल्या, उन्हात सुकवल्या आणि वर तेल ओतलं. इंग्लंडमध्ये ऊन कमी. आंबा-चिंचेचं नावच नाही. हिवाळ्यात जमीन गोठते, तेव्हा मळ्यात हिरवी भाजी फारशी नसते. पण जव भरपूर पिकतो. जवाला मोड आणून वाळवायचे, त्याला माल्ट म्हणतात. त्या माल्टची बीअर करायची, आणि ती आंबवली की तयार होतं माल्ट व्हिनेगर. यात पायऱ्या दोन. पहिल्या पायरीत यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं. दुसऱ्या पायरीत हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. जव, द्राक्ष, सफरचंद, ऊस, माडाची सूर, ज्यात साखर आहे त्या कशाचंही व्हिनेगर होतं. चव वेगळी, काम तेच.

पानात कशाबरोबर?

आपण लोणचं पानाच्या डाव्या बाजूला वाढतो आणि ते वरण-भातापासून थालीपिठापर्यंत कशालाही लावून खातो. इंग्रजांचं तसं नाही. त्यांच्याकडे अमुक लोणचं अमुक पदार्थाबरोबर, अशा जोड्या ठरलेल्या आहेत.

त्यांच्याकडे रविवारी मांसाचा मोठा तुकडा भट्टीत भाजायची पद्धत आहे. त्यातलं उरलेलं सोमवारी थंडच कापून खातात. नाताळच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. थंड मांसात चरबी थिजलेली असते, चव मंद झालेली असते. तिथे एक आंबट घास हवा असतो. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, मटणाबरोबर कांदा-लिंबू घेतो, त्यामागचं कारण हेच. तूप-तेल-चरबीने जीभ जड झाली, की आंबट तिला हलकं करतं.

आता त्यांच्या जोड्या बघा. व्हिनेगरमधला छोटा कांदा चीज आणि पावाबरोबर. मसाल्याच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी मटण-बटाट्याच्या रश्श्याबरोबर. लँकशरकडे ह्या रश्श्याला हॉटपॉट म्हणतात. बीट थंड मांसाबरोबर. कोवळे अक्रोड चीजबरोबर किंवा थंड मांसाबरोबर. हे अक्रोड आतलं कवच कडक व्हायच्या आधीच तोडतात, जशी आपण लोणच्याला कोय न धरलेली बाळकैरी घेतो. लोणच्यात ते काळेभोर होतात. आणि तळलेली मासळी व बटाटा विकणाऱ्या दुकानांत काउंटरवर मोठी बरणी असते, तिच्यात व्हिनेगरमध्ये बुडवलेली उकडलेली अंडी.

१९२२ साली स्टॅफर्डशरमधल्या ब्रॅन्स्टन गावात क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीने एक लोणचं काढलं. गाजर, कांदा, फ्लॉवर आणि सलगमसारखा एक कंद यांचे बारीक तुकडे, व्हिनेगर आणि साखरेच्या दाट तपकिरी रसात. कारखाना पुढे त्या गावातून हलला, पण लोणच्याला गावाचं नाव कायमचं चिकटलं. आजही तिकडे चीज सँडविच म्हटलं, की बरोबर हे लोणचं आलंच.

गटांनी शिकावं असं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. इंग्लंडच्या खाणावळींत 'प्लाउमन्स लंच' नावाची थाळी मिळते. नावाचा अर्थ नांगर धरणाऱ्याचं जेवण. पाव, चीजचा तुकडा आणि व्हिनेगरमधला कांदा. ऐकताना वाटतं, शेकडो वर्षांची रीत असेल. पाव, चीज, कांदा हे शेतकऱ्याचं खाणं जुनंच, पण ह्या नावाने ते सगळीकडे पोचलं ते १९५० नंतर. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं रेशनिंग १९५४ साली संपलं आणि चीजचा खप वाढवायचा होता. मग चीज विकणाऱ्यांच्या संस्थेने ही थाळी पुढे आणली. १९६० च्या दशकात तिथल्या दूध मंडळाने तिची देशभर जाहिरात केली. त्यांनी नुसतं चीज विकलं नाही, नुसता कांदाही विकला नाही. अख्खं पान विकलं.

आता आपल्या बांधावरची न्याहारी आठवा. भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. नांगर्‍याचं जेवण ते हेच की! आपण मात्र बरणीवर 'लोणचे' इतकंच लिहून थांबतो. ते कशाबरोबर खायचं, हे गिऱ्हाइकाला सांगतच नाही.

इथून गेलेलं, इथे आलेलं

इंग्रजांचं आणखी एक लाडकं लोणचं म्हणजे पिकलिली. फ्लॉवर, छोटे कांदे, काकडी, घेवडा यांचे तुकडे मोहरी, हळद आणि व्हिनेगर यांच्या पिवळ्याधमक दाट रसात. मोहरी आणि हळद ऐकून कान टवकारले ना? बरोबर आहे. हॅना ग्लास नावाच्या बाईंचं पाककृतींचं पुस्तक इंग्लंडमध्ये १८व्या शतकात घरोघरी गेलं होतं. त्याच्या १७५८च्या आवृत्तीत हे लोणचं आहे आणि त्याला नावच 'इंडिया पिकल' असं दिलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आपली लोणची तिकडे पोचली. तिथल्या बायकांना ती करून बघायची होती, पण हाताशी ना कैरी, ना आपलं ऊन. मग त्यांनी काकडी आणि खरबुजाचं लोणचं कैरीसारखं भरून केलं आणि त्यालाही 'मँगो'च म्हटलं. तेलाच्या जागी व्हिनेगर आलं. हळद-मोहरी राहिली. चटणी हा शब्द तर 'चटनी' होऊन त्यांच्या भाषेत कायमचा राहायला गेला.

म्हणजे त्या बायकांनी काय केलं? परक्या लोणच्याचं तंत्र समजून घेतलं आणि त्यात आपल्या मळ्यातली भाजी घातली. आज आपण तेच उलट दिशेने करू शकतो.

पुण्यात ह्या आंबट चवीला दोनशे वर्षं झाली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि इंग्रजांच्या छावण्या पुण्यात, खडकीत उभ्या राहिल्या. छावणीबरोबर त्यांचं खाणं आलं, आणि कॅम्प भागात वेगवेगळ्या समाजांची स्वयंपाकघरं शेजारी-शेजारी नांदू लागली. पारशी लग्नात 'लगन नु अचार' वाढतात. किसलेलं गाजर, सुका मेवा, गूळ किंवा साखर आणि उसाचं व्हिनेगर घालून केलेलं गोड-आंबट लोणचं. त्यासाठी पारशी घरांत मान असतो तो नवसारीच्या कोलाह यांच्या उसाच्या व्हिनेगरला. त्यांची पेढी १८८५ पासूनची. गोवेकर घरांत माडाच्या सुरेचं व्हिनेगर घातलेलं कोळंबीचं बलचाव असतं. तेव्हा व्हिनेगरचं लोणचं पुण्याला नवं नाही. ते पेठांमध्ये आणि आपल्या गावांमध्ये फारसं आलं नाही, इतकंच.

आणि परकं ते आपलं होऊ शकतं का, हा प्रश्न पुण्यात तरी विचारू नये. श्रूजबरी हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे. पण पाहुणा पुण्याहून गावी निघाला की घरचे सांगतात, कयानीची श्रूजबरी बिस्किटं आण.

टिकतं ते कशाने?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लोणचं टिकवायच्या वाटा तीन. मीठ, तेल आणि आम्ल. प्रत्येक वाटेचं आपलं माप आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत ते लिहिलेलं आहे. मुख्यतः मिठावर टिकवायचं असेल, तर मीठ निदान १२ टक्के हवं. तेलातलं असेल, तर फोडी तेलात बुडालेल्या हव्यात. व्हिनेगरमधलं असेल, तर त्यातलं ॲसिटिक आम्ल निदान २ टक्के हवं. बरणीतला द्रव निथळल्यावर उरणारा भाजीचा भाग तिन्ही प्रकारांत वजनाच्या निदान ६० टक्के हवा.

घोटाळा कुठे होतो? अर्धं हे, अर्धं ते केलं की. कुणी म्हणतं, मीठ कमी करू, हल्ली लोकांना बीपी असतो. कुणी म्हणतं, तेल महाग झालंय, थोडं व्हिनेगर घालू. कुणी म्हणतं, फार आंबट लागतंय, पाणी घालू. मग मिठाचं माप पुरत नाही, तेलाचं पुरत नाही आणि आम्लाचंही पुरत नाही. बरणी दिसायला छान असते, पण तिला राखणारं कुणीच नसतं.

बुरशी आली तर निदान दिसते. न दिसणारा शत्रू वेगळा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, त्यामुळे कांदा-लसणाबरोबर तो घरात येतो. हवाबंद, कमी आंबट जागेत तो वाढला तर जीवघेणं विष तयार करतो. ते विष नेहमी वासाने किंवा चवीने कळत नाही. पण आंबट वातावरणात हा जिवाणू वाढू शकत नाही. आंबटपणा मोजायच्या मापाला पीएच म्हणतात. आकडा जितका कमी, तितकं आंबट जास्त. पीएच ४.६ च्या खाली असला की हा जिवाणू वाढत नाही. आपण ४ च्याही खाली ठेवायचा, म्हणजे हाताशी मोकळीक राहते.

आता व्हिनेगरचा हिशेब मांडू. गटाची वही लिहिणाऱ्या ताईंना तो लगेच समजेल.

एक किलोची बरणी घ्या. तिच्यात ६०० ग्रॅम भाजी आणि ४०० ग्रॅम व्हिनेगर. बाटलीवर '५ टक्के' लिहिलंय, म्हणजे ४०० ग्रॅममध्ये आम्ल २० ग्रॅम. पण भाजीतही पाणी असतं, सुमारे ९० टक्के. म्हणजे ६०० ग्रॅममध्ये ५४० ग्रॅम पाणीच. लोणचं मुरतं तेव्हा हे पाणी आणि व्हिनेगर एकमेकांत मिसळतात. २० ग्रॅम आम्ल आता ९४० ग्रॅममध्ये पसरलं. झालं २.१ टक्के. नियमाच्या जेमतेम वर.

आता तेच ४ टक्क्यांच्या व्हिनेगरने करा. आम्ल १६ ग्रॅम. भागाकार केला तर १.७ टक्के. नापास. आणि ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घातलं तर? आम्ल १० ग्रॅम, म्हणजे जेमतेम १ टक्का. लक्षात घ्या, व्हिनेगर म्हणून विकायला नियमाप्रमाणे ३.७५ टक्के आम्लही चालतं. म्हणजे दुकानातली बाटली कायदेशीर असली तरी आपल्या लोणच्याला ती पुरेलच असं नाही. बाटली उलटी करून आकडा वाचायचा. ५ टक्क्यांच्या खालचं घ्यायचं नाही. पाणी घालायचं नाही. फार आंबट लागत असेल तर साखर वाढवा. साखरेने जीभ समजते, पण आम्ल कमी होत नाही.

म्हणूनच इंग्लंडमध्ये भाजी आधी मिठात ठेवतात. मीठ भाजीतलं पाणी ओढून काढतं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून आपण पिळून घेतो, तसंच. जितकं पाणी आधी निघालं, तितकं व्हिनेगर कमी पातळ होणार.

कांद्याची कृती

घरी करून बघण्यासाठी साधी कृती सांगतो.

छोटे, घट्ट, कोंब न आलेले कांदे घ्या. सोलून ६०० ग्रॅम भरले पाहिजेत. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात कांदे रात्रभर बुडवून ठेवा. वर ताटली ठेवली की तरंगत नाहीत. सकाळी चांगल्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्यावर सावलीत पूर्ण कोरडे करा.

काचेची बरणी दहा मिनिटं पाण्यात उकळून कोरडी करा. स्टीलच्या पातेल्यात ४५० मिली व्हिनेगर, दोन चमचे साखर, आठ-दहा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि दोन सुक्या मिरच्या घाला. झाकण ठेवून गरम करा, उकळी फुटली की लगेच गॅस बंद. उघडं ठेवून खूप वेळ उकळलं तर आम्लाचीही वाफ होते. थंड होऊ द्या. थंड व्हिनेगर ओतलं की कांदा कुरकुरीत राहतो, गरम ओतलं की मऊ पडतो. कांदे भरा, व्हिनेगर ओता. एकही कांदा वर राहता कामा नये. झाकण आतून प्लॅस्टिकचा थर असलेलं हवं, उघडा पत्रा आम्लाने गंजतो. चार आठवडे अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा वापरा.

फ्लॉवर, गाजर, घेवडा ह्याच रीतीने करता येतो. पिकलिली करायची असेल, तर व्हिनेगरमध्ये मोहरीची पूड, हळद, आलं, साखर आणि दाटपणासाठी थोडं कॉर्नफ्लोअर शिजवून त्यात मिठातून काढलेल्या भाज्या घालतात. पण दाट रसात आम्ल आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून विक्रीसाठी सुरुवात कांद्यापासून करा.

भांडं आणि भरवसा

आपल्या आज्या कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, कळकेल. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला, की धातू त्यात उतरतो आणि तो विषारी होतो. व्हिनेगरला हे दुप्पट लागू आहे. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम, काही वापरायचं नाही. स्टील आणि काच, बस.

इंग्लंडमध्ये एके काळी हे मुद्दाम करत. काकडी आणि घेवडा व्हिनेगरमध्ये फिके पडतात. ते हिरवेगार दिसावेत म्हणून कारखानदार व्हिनेगर तांब्याच्या भांड्यात उकळत. १८२० साली फ्रेडरिक ॲकम ह्या रसायनतज्ज्ञाने पुस्तक लिहून हा प्रकार उघड केला. तरी तो थांबला नाही. १८५० नंतर डॉ. आर्थर हॅसल यांनी दुकानांतून नमुने विकत घेऊन तपासले आणि दुकानदारांच्या नावांसकट निकाल 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. लोणच्यांत तांबं सापडलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांना पद्धत बदलावी लागली आणि १८६० साली तिथे भेसळीविरुद्ध कायदा झाला. तेव्हा बरणीचा रंग बघून भुलू नका. आणि गिऱ्हाइकाला भुलवूही नका.

आपल्याकडे आजचा मोह वेगळा आहे. बाजारात कॅनमधून तीव्र ॲसिटिक ॲसिड मिळतं आणि 'पाणी घाला, व्हिनेगर तयार' असं सांगितलं जातं. ते हाताला, डोळ्यांना भाजतं. कारखान्यातल्या कामाचं असेल तर खाण्यालायकही नसतं. बाटलीबंद, लेबल असलेलं व्हिनेगरच घ्या. नैसर्गिकरीत्या आंबवलेलं असेल तर त्यावर 'ब्रूड' लिहिलेलं असतं, आम्लापासून केलेलं असेल तर 'सिंथेटिक'. दोन्ही कायद्याने चालतात, पण लेबलवर खरं तेच लिहायचं.

विकायचं तर

कांदा स्वस्त आहे म्हणून लोणचं स्वस्त पडेल, असं समजू नका. ह्या लोणच्यात काचेची बाटली आणि व्हिनेगर यांचा खर्च कांद्यापेक्षा मोठा असतो. आणि नेमक्या त्या दोन गोष्टींत काटकसर करता येत नाही. हिशेब आधी कागदावर मांडा, मग बाटल्या घ्या.

पहिल्या खेपेला दहाच बाटल्या करा. महिन्याने उघडा आणि पीएच मोजा. त्याच्या पट्ट्या मिळतात. विक्रीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आम्लता तपासून घ्या आणि एफएसएसएआयची नोंदणी करा. नोंदणी क्रमांक, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि गटाचा पत्ता लेबलवर हवा. विक्रीच्या मालाला उष्णता कशी आणि किती द्यायची, हे प्रशिक्षण घेऊनच ठरवा. जिल्ह्यात नारायणगाव आणि बारामती इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. भांडवलासाठी 'उमेद'च्या तालुका कक्षात विचारा.

आणि प्लाउमन्स लंच विसरू नका. बाटलीला एक चिठ्ठी बांधा. 'पिठलं-भाकरी, मटण, भुर्जी, कांदाभजी, चीज सँडविच यांच्याबरोबर खा.' दहीभाताचं नाव लिहू नका, आंबटावर आंबट जुळत नाही. प्रदर्शनात नुसता कांदा चाखायला देऊ नका. भाकरीच्या तुकड्यावर पिठलं घाला आणि वर अर्धा कांदा ठेवून द्या. कॅम्पातलं गिऱ्हाईक असो की सदाशिव पेठेतलं, घास तोंडात गेला की पुढचं सांगावं लागत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी बेतानेच खावा, हेही सांगा. खरं सांगणाऱ्या गटाकडे गिऱ्हाईक परत येतं.

मैत्रिणींनो, कैरीचं लोणचं सोडा असं आम्ही म्हणत नाही. ते आपलं आहे आणि राहील. पण ज्या दिवशी कांद्याचा भाव पडेल त्या दिवशी आपल्या हातात आणखी एक कसब असावं, म्हणून हे सगळं सांगितलं. पुढच्या बैठकीत गटाने एकच काम करावं. दुकानात जाऊन व्हिनेगरच्या तीन-चार बाटल्यांवरचे आकडे वहीत लिहून आणावेत. ५ टक्क्यांची बाटली कुठे मिळते ते कळलं, की पहिली बरणी भरायला हरकत नाही.